पगार कमी असणं वेगळं, कापला जाणं वेगळं

प्रिय ताई,

माझं वय २२. पदवीनंतरची ही पहिलीच नोकरी. दुकानांच्या एका साखळीच्या शाखेत मी बिलिंग आणि स्टॉक दोन्ही बघतो. घेताना सांगितलं होतं की तीन महिने प्रोबेशन, मग कन्फर्म आणि पगारवाढ. आज अकरा महिने झाले. प्रोबेशन दोनदा वाढलं, दोन्ही वेळा तोंडीच. शिफ्ट आठ तासांची आहे, पण शटर खाली आल्यावर मोजणी, आवराआवर, दुसऱ्या दिवसाची मांडणी हे सगळं धरलं तर साडेदहा तास होतातच. मस्टरवर मात्र आठच तास लिहायचे, आणि सह्याही महिनाअखेरीला सगळ्यांनी एकदम करायच्या. स्टॉकमध्ये तूट निघाली की ती सगळ्यांच्या पगारातून सारखी कापतात. इन्सेंटिव्हचं टार्गेट महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बदलतं. ओरिजिनल मार्कशीट रुजू होतानाच जमा करून घेतल्या आहेत.

मॅनेजर तिशीचा आहे, तसा वाईट माणूस नाही. 'वरून मंजुरी आली की तुझंच काम पहिलं' असं म्हणतो. गेल्या महिन्यात माझ्याबरोबरची एक मुलगी सोडून गेली, तिचा शेवटचा पगार अजून झालेला नाही. घरचे म्हणतात, पहिली नोकरी आहे, टिकून राहा, अनुभव मिळतोय. पण त्या मस्टरवर मी माझ्या हाताने सह्या केल्या आहेत. मग तक्रार कुठल्या तोंडाने करू? सोडू की थांबू?

— पहिल्या नोकरीतला

प्रिय 'पहिल्या नोकरीतला',

सोडू की थांबू, याचं उत्तर देतेच. पण आधी तुझ्या पत्रातल्या आकड्यांचं गणित मांडते, कारण ते तू मांडलेलं दिसत नाही. आठवड्याला सहा दिवस म्हणजे महिन्याला साधारण २६ दिवस. रोजचे आठ तास धरले तर २०८ तास होतात. पगार ठरला तो या २०८ तासांचा. तू प्रत्यक्षात रोज साडेदहा तास काम करतोस, म्हणजे महिन्याला २७३ तास. वरचे ६५ तास कोणाच्याच हिशोबात नाहीत. आठ तासांचा एक दिवस धरला तर दर महिन्याला तू आठ दिवस फुकट काम करतोस. अकरा महिन्यांचं मिळून जवळजवळ साडेतीन महिन्यांचं काम झालं.

आता कपात. किती कापतात ते तू लिहिलं नाहीस, म्हणून समजुतीसाठी आठ टक्के धरू. ठरलेला पगार १०० असेल, तर हातात ९२ येतात आणि तेही २०८ ऐवजी २७३ तासांचे. ताशी हिशोब केलास तर ठरलेल्या १०० च्या जागी तुला ७० मिळतात. तुझे खरे आकडे घालून हेच गणित आज रात्री कागदावर कर. जो आकडा येईल, तो तुझा पगार. ऑफर लेटरवरचा आकडा ही जाहिरात झाली.

हे गणित आधी करायला सांगण्यामागे कारण आहे. तुझ्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टींची गाठ बसली आहे आणि ती सुटल्याशिवाय तुला निर्णय घेता येणार नाही. पहिली गोष्ट कमी पगार, दुसरी लबाडी. दोन्हींचा त्रास खिशालाच होतो, म्हणून त्या एकच वाटतात. पण कमी पगार उघडपणे सांगून दिला जात असेल, तर तो एक व्यवहार असतो. मालक सांगतो, माझ्याकडे एवढंच आहे, तुला चालत असेल तर ये. त्यावर तुला विचार करता येतो, घासाघीस करता येते, वर्षभर शिकून पुढे जाता येतं. नव्या, लहान धंद्यात असे प्रामाणिक कमी पगार असतात आणि त्यांतल्या काही जागा शिकण्यासाठी खरोखर उत्तम असतात. लबाडीशी घासाघीस होत नाही. जो माणूस मस्टरवर खोटे तास लिहायला लावतो, त्याच्याशी पगारवाढीची बोलणी करणं व्यर्थ आहे. तो उद्या वाढ देईलही आणि परवा तीच तुटीच्या नावाखाली काढून घेईल.

म्हणून माझं मत सरळ आहे. ही नोकरी सोडायची आहे. पण उद्या सकाळी नाही आणि रागाच्या भरात तर मुळीच नाही. रागाने सोडलेल्या नोकरीत मार्कशीट, शेवटचा पगार आणि पुरावे, तिन्ही त्यांच्याकडेच राहतात.

आता तुला ज्याची जास्त बोच आहे, त्या सह्यांबद्दल. तू सह्या केल्यास हे खरं आहे, आणि उद्या तू तक्रार केलीस तर तेच कागद तुझ्यासमोर ठेवले जातील, हेही खरं आहे. महिनाअखेरीला सगळ्यांच्या सह्या एकदम घेण्यामागचा हेतूच तो असतो. रोजच्या रोज सही असती, तर एखाद्या दिवशी कोणीतरी खरी वेळ लिहिली असती. पण महिन्याचा अख्खा तक्ता आधीच भरलेला समोर येतो, मागे पगार अडलेला असतो, शेजारी चौघं सही करून मोकळे झालेले असतात. अशा वेळी केलेल्या सहीला संमती म्हणणं अवघड आहे. तू कोणाला फसवण्यासाठी सही केली नाहीस. फसवला गेलेला तूच होतास आणि पावतीवर सहीही तुझीच घेतली गेली. अपराधीपणाचं ओझं तुझ्या पाठीवर राहिलं की सोय त्यांची होते. ज्याला आपणच दोषी वाटतं, तो मिठाची गुळणी धरून बसतो.

यापुढे मात्र जमेल तिथे सहीशेजारी खरी वेळ लिही. भांडण न करता, बारीक अक्षरात, 'बाहेर पडलो ९:४०' एवढंच. ते खोडायला लावतील किंवा नवा तक्ता आणतील. आणू देत. त्या दिवशी काय झालं ते तुझ्या वहीत येईल.

कारण खरा पाया तुझी वही असणार आहे. एक साधी वही घे आणि रोज, न चुकता, त्याच दिवशी लिही: आत किती वाजता, बाहेर किती वाजता, मध्ये सुट्टी किती, जादा थांबायला कोणी सांगितलं. भावना लिहू नकोस, शिव्या तर नकोच. चार ओळी पुरेत. रोज त्या त्या दिवशी लिहिलेल्या साध्या नोंदीला जे वजन असतं, ते सहा महिन्यांनी आठवून लिहिलेल्या तक्रारीला नसतं. मागच्या अकरा महिन्यांचंही जेवढं खात्रीने आठवतं तेवढं वेगळ्या पानावर लिही आणि वर स्पष्ट टाक की हे आठवणीतून लिहिलं आहे. सोंग आणलंस की सगळी वही संशयास्पद होते.

वहीला आधार लागतात. शिफ्टचा तक्ता भिंतीवर लागतो, त्याचा फोटो. 'आज थांबावं लागेल' असे ग्रुपवर आलेले मेसेज. बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी. रात्री घरी निघताना केलेला फोन, परतीच्या प्रवासाचं तिकीट. तू बिलिंग बघतोस, म्हणजे तुझ्या हाताखालून जाणाऱ्या बिलांवर वेळ छापलेली असते. शेवटचं बिल कधी झालं ते वहीत टिपून ठेव. पण इथे एक सीमा पाळ. ग्राहकांच्या याद्या, कंपनीचे हिशोब, दुसऱ्यांच्या पगाराच्या फाइल यांतलं काहीही बाहेर नेऊ नकोस. तुझी बाजू खरी आहे. चोरीचा आरोप ओढवून घेऊन ती कमकुवत करायची गरज नाही. चोरून आवाज रेकॉर्ड करण्याबद्दलचे कायदे जागोजागी वेगळे आहेत, विचारल्याशिवाय तिकडे जाऊ नकोस. आणि जे जमा करशील ते कंपनीच्या फोनवर किंवा ईमेलवर ठेवू नकोस. ते ज्या दिवशी बंद होतात, त्याच दिवशी त्यांची गरज पडते.

तोंडी बोलण्याचं काय करायचं, हा प्रश्न राहतो, कारण तुझ्याकडचं सगळंच तोंडी आहे. त्याला उपाय आहे आणि तो फार सभ्य आहे. मॅनेजर काही बोलला की त्याच दिवशी त्याला मेसेज टाक: 'सर, आज आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे माझं प्रोबेशन अजून तीन महिन्यांनी वाढवलं आहे आणि त्यानंतर पगारवाढ लागू होईल, असं मी समजतो. काही चुकीचं समजलो असेन तर कळवा.' यात तक्रार नाही, आवाज चढलेला नाही. तो 'हो' म्हणाला तर लेखी आलं. 'नाही' म्हणाला तरी लेखी आलं. काहीच बोलला नाही, तरी तू त्या तारखेला हे कळवलं होतंस याची नोंद राहिली. बऱ्याचदा अशा मेसेजला उत्तर न येता फोन येतो, 'अरे, हे असं लिहायचं कशाला, आपण बोललो ना!' तो फोन आला की समज, औषध लागू पडलं. फोन ठेवल्यावर तेही वहीत लिही.

तुटीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण या एका कपातीने दुकानांत काम करणारी कितीतरी मुलं भरडली जातात आणि बहुतेकांना ती रास्तच वाटते. माल कमी भरला, म्हणजे कोणीतरी खाल्ला, मग भरून द्यायला नको? पण तूट कुठून येते ते बघ. ग्राहक माल उचलून नेतात. पुरवठादाराकडून खोक्यात नग कमी येतात आणि घेताना पूर्ण लिहिले जातात. वाहतुकीत फुटतं. बिल करताना चुकीचा कोड पडतो. एका शाखेतून दुसरीकडे गेलेला माल एकीकडे वजा होतो आणि दुसरीकडे जमा व्हायचा राहतो. हे सगळं दुकान चालवण्याच्या खर्चात मोडतं आणि ते कमी करण्यासाठी कॅमेरे, दारावरचा माणूस, नीट मोजणी यांवर मालकाने पैसे खर्च करायचे असतात. ते पैसे वाचवायचे आणि तूट बिलिंगवाल्या पोरांच्या पगारातून भरायची, म्हणजे धंद्याची जोखीम नोकराच्या माथी मारणं झालं. नफा वाढला तेव्हा तो तुमच्यात सारखा वाटला होता का? तुझ्या हातून नुकसान झालं असेल तर ते दाखवून द्यावं, तुला बाजू मांडू द्यावी आणि कायदा परवानगी देतो तेवढंच कापावं. सगळ्यांकडून सारखं कापलं याचा अर्थ दोष कोणाचा हे शोधलंच नाही.

हा माझा घरगुती न्याय नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा वेतनाच्या संरक्षणाचा करार १९४९ चा आहे, क्रमांक ९५. पगारातून कपात करायची ती कायद्याने किंवा सामूहिक कराराने ठरवलेल्या अटींवर आणि तेवढ्याच मर्यादेत, असं त्यात म्हटलं आहे. कामाला लागण्याआधी पगाराच्या अटी कामगाराला समजतील अशा सांगाव्यात, पगार ठरावीक मुदतीने द्यावा, प्रत्येक वेळी तपशील कळवावा आणि नोकरी संपली की राहिलेला हिशोब वेळेत मिटवावा, हेही त्यात आहे. तुझ्या मैत्रिणीचा अडकलेला पगार या शेवटच्या मुद्द्यात येतो. करार मान्य केलेल्या देशांनाच तो बांधतो आणि अंमलबजावणी ज्याच्या त्याच्या कायद्याने होते. तुझ्या कामाला नेमकं कोणतं कलम लागू पडतं ते कामगार कार्यालयात विचारावं लागेल. पण ज्याला तुझा मॅनेजर 'आपल्या लाइनमध्ये असंच असतं' म्हणतो, ते असं नसावं हे जगाने लिहून ठेवल्याला पाऊणशे वर्षं झाली. त्याच्याही आधी, १८३१ मध्ये, ब्रिटनला कायदा करावा लागला होता की कामगाराला मजुरी नाण्यांतच द्या. तेव्हाचे मालक मजुरीऐवजी माल द्यायचे किंवा आपल्याच दुकानात चालणारी टोकनं द्यायचे आणि त्या दुकानातले भावही तेच ठरवायचे. पगार एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घ्यायची युक्ती तशी जुनीच.

इन्सेंटिव्हचं टार्गेट शेवटच्या आठवड्यात बदलणं, यावर जास्त शब्द खर्च करत नाही. ते गाजर आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला टार्गेट लेखी मागून बघ, आणि मिळेपर्यंत त्या पैशांच्या भरवशावर घरात कुठलाही शब्द देऊ नकोस.

मार्कशीटचं मात्र गंभीर आहे. कोणाला जबरदस्तीने राबवलं जातंय का हे ओळखण्यासाठी त्याच आंतरराष्ट्रीय संघटनेने ११ खुणा दिल्या आहेत. ओळखपत्रं किंवा मौल्यवान वस्तू अडकवून ठेवणं ही त्यांतली एक. पगार अडकवणं, बेसुमार जादा काम, फसवणूक याही त्यांतल्याच. तुझ्या नोकरीला मी वेठबिगारी म्हणत नाही, शब्द जपून वापरायला हवेत. पण पडताळणी करायची तर मूळ कागद बघून प्रत ठेवून घेता येते. मूळ कागद ठेवून घेण्याचा उपयोग एकच, तू जाऊ नयेस. तेव्हा पहिलं काम ते परत मिळवणं. लेखी माग, तारीख घालून: 'माझ्या मूळ मार्कशीट मला या शुक्रवारपर्यंत हव्या आहेत, प्रती देतो.' कारण सांगायची सक्ती नाही. विचारलंच तर खोटं कारण रचू नकोस, 'माझे कागद माझ्याजवळ असावेत' हे पुरेसं आहे. सोबतच विद्यापीठाकडे दुय्यम प्रती मिळवायची काय पद्धत आहे ती चौकशी करून ठेव. दुसरी वाट उघडी आहे हे कळलं की अडवणुकीतला जोर निम्मा होतो.

मॅनेजर वाईट माणूस नाही, असं तू लिहिलंस. मला ते पटतं. शाखेच्या मॅनेजरवर वरून आकडा येतो की या महिन्यात पगाराचा खर्च एवढ्यातच बसवा. दुकान मात्र पूर्ण वेळ उघडं ठेवायचं असतं. मग खर्च बसवायला त्याच्याकडे दोनच गोष्टी उरतात, तुमचे तास आणि तुमची कपात. त्याचा स्वतःचा बोनसही बहुधा त्याच आकड्यावर असतो. उद्या त्याची बदली झाली, तर नवा माणूस हेच करेल. म्हणजे राग त्याच्यावर काढून उपयोग नाही, आणि त्याच्या गोड बोलण्यावर विसंबून तर त्याहून नाही. त्याच्याशी माणूस म्हणून नीट वाग. कागदाच्या बाबतीत त्याचा स्वभाव हिशोबात धरू नकोस. 'वरून मंजुरी' कोणाकडून यायची आहे, अर्ज कधी पाठवला, एवढं विचार. बहुतेक वेळा अर्ज पाठवलेलाच नसतो.

आता सहकाऱ्यांकडे वळ. 'पगाराबद्दल आपापसात बोलायचं नाही' असं तुम्हाला सांगितलं गेलं आहे का? माझा अंदाज आहे, गेलं असेल. दोघांनी आकडे ताडून पाहिले की एकाच कामाला दोन पगार आणि एकाच तुटीच्या दोन कपाती उघड्या पडतात, म्हणून ही बंदी. विश्वासाच्या दोघा-तिघांशी बोल. सगळ्या शाखेला गोळा करायची गरज नाही, तेवढ्यात बातमी वर पोचते. तिघांनी मिळून एकच साधा अर्ज दिला, की कपातीचा तपशील आणि जादा तासांची नोंद मिळावी, तर तो 'एका कटकट्या मुलाचा' अर्ज राहत नाही. एकत्र येण्याचा, संघटना करण्याचा हक्क आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९४८ च्या करारापासून मान्य आहे. पण मी तुला झेंडा घेऊन उभा राहा म्हणत नाही. कोणाच्या घरी हप्ते आहेत, कोणी एकटा कमावता आहे, ते मागे राहतील आणि त्यांना भित्रं म्हणायचं नाही. त्या मुलीशी मात्र जरूर बोल. तिला आता गमावण्यासारखं काही नाही, तिच्याजवळ कागद असतील आणि तिची साक्ष तुझ्या कामाची आहे, तुझी तिच्या.

तक्रारीची भीती आहे, ती रास्त आहे. त्याबद्दल एक गोष्ट माहीत असू दे. कामगार निरीक्षकांविषयीचा त्याच आंतरराष्ट्रीय संघटनेचा १९४७ चा करार आहे, क्रमांक ८१. तक्रार कोणाकडून आली हे निरीक्षकाने पूर्ण गुप्त ठेवायचं आणि आपण तक्रारीवरून आलो आहोत हेसुद्धा मालकाला कळू द्यायचं नाही, असं त्यात स्पष्ट आहे. आगाऊ सूचना न देता कामाच्या जागी जायचा अधिकारही त्याला आहे. प्रत्यक्षात कार्यालयं ढिली असतात, माणसं कमी असतात, फेऱ्या माराव्या लागतात. ते लपवत नाही. तरी आत जाताना 'माझं नाव गुप्त राहावं' हे पहिल्या वाक्यात सांग आणि अर्जातही लिही. अर्ज एका पानाचा असू दे: कधीपासून काम करतोस, ठरलेलं काय, मिळतंय काय, महिनावार तास आणि कपात यांचा तक्ता, आणि काय हवंय. वही, फोटो, बँकेच्या नोंदी यांच्या प्रती मागे लाव, मूळ कधीच देऊ नकोस. पोच घे. एक लक्षात ठेव, थकलेला पगार मागायला कायद्यात मुदत असते आणि ती ठिकाणानुसार बदलते. म्हणून 'आधी दुसरीकडे स्थिर होतो, मग बघू' असं म्हणत दोन वर्षं काढू नकोस. मुदत किती आहे ते पहिल्याच फेरीत विचार.

नवी नोकरी शोधायला आजपासून लाग, हातातली असतानाच. घरखर्चाला तुझा पगार लागत असेल तर हातात नवं पत्र आल्याशिवाय राजीनामा नको. तुझ्या अर्जात लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. बिलिंग, स्टॉक मोजणी, गर्दीत चिडलेल्या ग्राहकाला सांभाळणं ही खरी कौशल्यं आहेत आणि ती तू मिळवली आहेस, कंपनीने दान दिलेली नाहीत. मुलाखतीत जुन्या जागेची गाऱ्हाणी सांगू नकोस. उलट तू प्रश्न विचार. पगार कोणत्या तारखेला होतो? गेल्या वर्षात उशीर झाला होता का? जादा वेळ थांबावं लागलं तर त्याची नोंद कशी होते? पगारातून काय काय कापलं जातं? या जागेवर आधी कोण होतं आणि ते का गेलं? मूळ कागद ठेवून घेता का? उत्तरांइतकंच उत्तर देणाऱ्याच्या चेहऱ्याकडे लक्ष दे. प्रामाणिक मालकाला या प्रश्नांचा त्रास होत नाही, तो दोन मिनिटांत उत्तरं देतो. 'आत्ताच हे सगळं विचारतोस?' असं म्हणणारा तुला बरंच काही सांगून गेला.

राजीनामा देशील तेव्हा तो तीन ओळींचा असू दे आणि ईमेलने जाऊ दे. ऑफर लेटरमध्ये जेवढा नोटीस पिरियड आहे तेवढा पाळ, नाहीतर त्याच्या नावाखाली शेवटचा पगार गिळला जाईल. त्यात आरोप नकोत, उपकाराची भाषाही नको. शेवटच्या दिवशी रिलीव्हिंग लेटर आणि राहिलेल्या हिशोबाची तारीख लेखी माग. 'सर्व रक्कम मिळाली, कोणतीही तक्रार नाही' असा कागद पैसे हातात येण्याआधी समोर ठेवतील. पैसे जमा झाल्यावर सही करतो, एवढंच म्हणून थांब. इथे पाय घट्ट रोव, कारण अकरा महिन्यांतल्या बाकीच्या सह्यांपेक्षा ही सही महाग पडते.

घरच्यांचं राहिलं. त्यांच्यावर चिडू नकोस. पहिली नोकरी घाईने सोडली की पुढच्या मुलाखतीत प्रश्न येतात, हे त्यांचं म्हणणं चूक नाही. पण अकरा महिने टिकलास, घाई कुठे केलीस? त्यांना मॅनेजरच्या गोष्टी सांगत बसू नकोस. ते म्हणतील, सगळीकडे असंच असतं. त्यांच्यासमोर सुरुवातीचं ते गणित ठेव, तुझ्या खऱ्या आकड्यांसह. महिन्याला आठ दिवस फुकट, हे हिशोबी आईवडिलांना चटकन कळतं. आणि अनुभव मिळतोय या मुद्द्यावर स्वतःलाच विचार: गेल्या तीन महिन्यांत मी असं काय नवीन शिकलो, ज्याचे पैसे दुसरा कोणी देईल? उत्तर येत नसेल, तर तिथला अनुभव घेऊन झाला आहे.

पत्राच्या शेवटी ता. क. म्हणून तू आणखी एक लिहिलं होतंस, ते वर छापलेलं नाही. पुढच्या सोमवारी तुमच्याकडे एक नवा मुलगा रुजू होतोय, तुझ्याच ओळखीतून आलेला, आणि त्याने तुला विचारलंय की जागा कशी आहे. काय सांगू, असं तू विचारतोस. त्याला मत देऊ नकोस, आकडे दे. शिफ्ट इतक्या तासांची लिहिलेली आहे, बाहेर इतक्या वाजता पडतो, गेल्या तीन महिन्यांत कपात इतकी झाली, प्रोबेशन लेखी नाही. गरज असेल तर तो तरीही येईल. फक्त त्याला एवढं आधीच सांग, की मार्कशीटच्या प्रती घेऊन ये, मूळ कागद घरीच राहू देत.